पाऊण तासाचं विमान

१

"माझ्या घरातल्या वस्तू हलतात गं," मावशी फोनवर म्हणाली होती. "मी विसरत नाहीये. कुणीतरी हलवतंय. उद्या काही झालं, तर मी आधी सांगितलं होतं हे ध्यानात ठेव."

त्या वेळी ढमी, म्हणजे माझी आठ महिन्यांची लेक, सतरंजीवरून लोळत थेट पलंगाखाली निघाली होती. मी एका हाताने तिचा पाय धरला आणि म्हटलं, "मावशी, चष्मा फ्रिजमध्ये ठेवायचा आणि मग भुतं शोधत बसायचं, असं चाललंय तुझं."

"चष्मा फ्रिजमध्ये होता, कबूल," मावशी म्हणाली. "पण मी ठेवला नव्हता."

मी हसले आणि विषय बदलला. त्यानंतरच्या महिन्यात, एका रविवारी दुपारी, मावशीकडे काम करणाऱ्या ताईंचा फोन आला. त्या बोलत कमी होत्या, रडत जास्त होत्या. मावशी घरात बेशुद्ध सापडली होती. शेगडीचं बटण उघडं, जाळ नाही, खिडकी बंद. वाचली होती, दवाखान्यात होती.

"त्यांनीच गॅस उघडा ठेवला म्हणतायत सगळे," ताई म्हणाल्या. "तुम्ही या हो."

मावशी त्या दुसऱ्या शहरात एकटी राहते. तिला मूलबाळ नाही. सख्खं म्हणावं असं आम्ही दोघंच: तिच्या बहिणीची मुलगी मी, आणि तिच्या दिरांचा मुलगा, ज्याला मी दादा म्हणते. दादा-वहिनी आमच्याच शहरात राहतात. ते आपल्या गाडीने मावशीकडे जाऊन-येऊन असत. वाट खाडीला वळसा घालून जाते, सबंध दिवस मोडतो. मला ढमीमुळे जाणंच जमत नव्हतं. "काकूला आम्ही आमच्याकडे आणणार," असं दादा वर्षभर सांगत होता.

तो तेव्हा दौऱ्यावर होता. संध्याकाळी त्याने मला फोन केला. "तुझ्या वहिनीला मी लगेच विमानाने जायला सांगितलं. ती पोचलीसुद्धा. आता ऐक. गॅस उघडा टाकणाऱ्या बाईला मी माझ्या दोन खोल्यांत ठेवू शकत नाही. डॉक्टर म्हणतात चोवीस तास नजर हवी. मी बुधवारी येतो, आश्रमाचे कागद घेऊनच."

"कसला आश्रम?"

"चांगला आहे गं. दार बाहेरून बंद असतं, म्हणजे भटकायची भीती नाही."

मावशीने उभं आयुष्य शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. बाहेरून बंद होणाऱ्या दारामागे ती कशी बसेल, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं. बुधवारच्या आत काहीतरी करायला हवं होतं.

२

विमानात बाळ घेऊन बसायची माझी पहिलीच वेळ. रात्री फोनवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. एका पानावर लगेच उत्तर आलं. दोन गावांमधली सरळ रेघ, अंतर, आणि खाली ठळक अक्षरांत: उड्डाणाची वेळ पंचेचाळीस मिनिटं. मी त्या हिशेबाने दुधाची एकच बाटली भरली. कान दुखू नयेत म्हणून चढताना थोडं, उतरताना थोडं.

सोमवारी दुपारचं विमान म्हणजे पंख्यांचं, लहान, बसच्या आकाराचं. चढताना ढमीने अर्धी बाटली संपवली. विमान खाली यायला लागलं तशी मी उरलेली अर्धी दिली. चाकं टेकली आणि मी पिशवी आवरायला लागले, तर खिडकीबाहेर गावच नव्हतं. नुसतं माळरान, एक टिनाची शेड, आणि आमच्याकडे येणारा टँकर.

"पुढे जाणाऱ्यांनी बसून राहायचं," हवाईसुंदरी म्हणाली. "इंधन भरतोय. सगळ्यांनी पट्टे सोडा. सोडलेच पाहिजेत." मी ढमीला पोटाशी घट्ट बांधून बसले होते. ती दोन रांगा ओलांडून माझ्याकडे आली आणि माझा पट्टा स्वतः सोडला. "काही झालं तर पळता यायला हवं ना, मॅडम."

काही झालं तर! मी ढमीला आणखी घट्ट आवळलं. तिला ते आवडलं नाही, आणि तिने जो सूर लावला तो उरलेल्या सबंध प्रवासात खाली आला नाही. दूध संपलेलं. पुढच्या रांगेतले आजोबा आपल्या टोपीने तिला हसवू पाहत होते, तर तिने टोपीच ओढून घेतली. विमान सुटल्यावर दीड तासाहून जास्त वेळाने आम्ही उतरलो तेव्हा सगळं विमान आम्हाला ओळखत होतं.

दवाखान्यात ढमीला वहिनीच्या हाती देऊन मी आत गेले, तर मावशी उशीला टेकून बसली होती. चेहरा राखेसारखा, डोळे मात्र तिचेच.

"आलीस? तुला कोण म्हणालं मी उघडा टाकला म्हणून?"

"सगळेच."

"बर्नर उघडा टाकणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर काढायची." तिने माझं मनगट धरलं. "आणि एक सांग. ती खिडकी कुणी लावली?"

३

खिडकी मी त्याच संध्याकाळी जाऊन पाहिली. मावशीच्या स्वयंपाकघराला लागून तिची झोपायची खोली आहे. मध्ये दार नाही, नुसती कमान. पलंग बुटका. गॅस जमिनीलगत साचतो हे शाळेत मावशीनेच मला शिकवलं होतं. खिडकी एकच, शेगडीच्या वर, आणि तिची कडी पार वरच्या चौकटीला. मावशीचा खांदा धरलाय, तिचा हात डोक्याच्या वर जात नाही. वेणीसुद्धा ताई घालतात.

"मग खिडकी तुम्ही लावता?" मी ताईंना विचारलं.

"स्टुलावर चढून." ताई माझ्या खांद्याला लागतात. "पण स्टुलाचा पाय मोडला, ते सुताराकडे आठवडा झाला पडलंय. रोज म्हणतो उद्या देतो. तेव्हापासून खिडकी उघडीच आहे. मांजर येऊन दूध पिऊन जातंय, त्याची बोलणी मी खाते."

"रविवारी तुम्हाला उशीर झाला?"

"बस बंद पडली. नेहमीच्या वेळेला आले असते तर..." त्यांनी पदराने नाक पुसलं. "मला काढून टाकणार का हो आता?"

ज्या बाईचा हात कडीला पोचत नाही, तिने खिडकी लावली नव्हती. ज्या म्हातारीचा खांदा वर जात नाही, तिनेही नाही. म्हणजे कुणीतरी उंच माणूस घरात येऊन गेला होता. मावशी कानातलं यंत्र काढून न्याहारीनंतर झोपते हे त्याला माहीत होतं, आणि कुलूप फोडलेलं नसल्याने त्याच्याकडे किल्लीही होती. किल्ल्या तिघांकडे होत्या. ताई, दादा-वहिनी, आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू.

भाडेकरू जनावरांचा डॉक्टर आहे. दारातून वाकून आत यावं लागतं इतका उंच. मावशीचं आणि त्याचं पटत नाही, त्याला तिने घर सोडायला सांगितलं होतं. "मला शेपूट नाही म्हणून मला औषध देत नाही तो," अशी तिची तक्रार.

"बाईंशी माझं भांडण आहे," तो सरळ म्हणाला. "रोज आहे. पण त्या दिवशी मी रात्रपाळी करून वर झोपलो होतो. खाली ठिणगी पडली असती तर पहिला मी उडालो असतो. एवढं समजतं मला, म्हशींचा डॉक्टर असलो तरी."

ते पटलं. आपल्याच पलंगाखाली सुरुंग कोण लावेल?

"मग जागे कसे झालात?"

"बेल वाजली. एकदा नाही, कुणी बोट काढतच नव्हतं. शिव्या देत खाली आलो, तर दारात कुणी नाही. जिन्यात वास. किल्लीने दार उघडलं, बाईंना उचलून बाहेर आणलं."

"बेल ताईंनी वाजवली?"

"त्या अर्ध्या तासाने आल्या."

मग बेल कुणी वाजवली?

४

मंगळवारी सकाळी मी आणि वहिनी दवाखान्याच्या कँटीनमध्ये बसलो होतो. लहान मुलांना वॉर्डात नेऊ देत नाहीत, म्हणून ढमीला आळीपाळीने सांभाळत होतो. खरं म्हणजे वहिनीच सांभाळत होती. ढमी तिच्या मांडीवर चमचा चावत बसली होती, गप्प. माझ्याकडे कधी इतकी गप्प बसत नाही.

मी दादाचाच विचार करत होते. घर मावशीचं, ती आश्रमात गेली की ते त्याच्या ताब्यात. पण रविवारी तो कुठे होता? दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला दौऱ्याच्या गावी, कचेरीतल्या चार लोकांबरोबर, व्हिडिओ कॉलवर पाहिलं होतं. तो इथे नव्हता.

"तू तरी लगेच पोचलीस, बरं झालं," मी म्हटलं. "रविवारी कोणीच नव्हतं तिच्याजवळ."

"ह्यांचा फोन आला, म्हणाले निघ. नेसत्या साडीनिशी निघाले." वहिनीने ढमीच्या तोंडातून चमचा सोडवला आणि बिस्कीट दिलं. "विमानाचं बरं असतं बाई. गाडीने जीव जातो. इथे पाऊण तासात हजर. पट्टा लावला तो उतरतानाच सोडला. चहासुद्धा धड पिऊन झाला नाही."

"मला तर ढमीने जीव नकोसा केला."

"ह्या माकडाने? अगंबाई! खोटं बोलतेय ना तुझी आई?" ढमी खुदकन हसली.

वहिनी उठून, रांगेतल्यांच्या डोक्यांवरून लांब हात पोचवत, माझ्यासाठीही चहा घेऊन आली, न विचारता, साखर कमी घालून. माझ्या लग्नात, बाळंतपणात, तिच्या सासऱ्यांच्या लांबलेल्या आजारपणात मी तिला अशीच पाहिली आहे. कुणाला काय लागतं ते तिला पाठ असतं. ती म्हणाली, "तू बुधवारच्या परतीच्या तिकिटाचं बघून ये ना. विमानतळ जवळच आहे. हिला मी काकूंच्या घरी नेऊन झोपवते."

मी हो म्हटलं. रिक्षात बसल्यावर काहीतरी टोचत राहिलं, चपलेत खडा गेल्यासारखं. पण काय ते कळेना.

५

विमानतळ म्हणजे एक मोठी खोली. खिडकीमागची मुलगी वेफर खात होती. मला बघून तिने पुडी खाली लपवली.

"परत जाताना पण मध्ये थांबतं का हो?" मी विचारलं. दुधाच्या बाटल्या किती भरायच्या, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"नाही, जाताना सरळ. येतानाच थांबतं."

"असं का?"

"इथे इंधनच मिळत नाही. म्हणून येताना मधल्या धावपट्टीवर टाकी भरून घेतात, तीच परतीला पुरवायची."

"रोज?"

"रोज. नाही भरलं तर विमान इथेच राहील की."

तिकिटाचं विसरून मी तिथेच उभी राहिले. रोज. म्हणजे रविवारीही. रविवारी दुपारी जो कोणी त्या विमानाने आला, तो त्या माळरानावर उतरला होता, टँकर बघत बसला होता, आणि त्याला पट्टा सोडायला लावला होता. त्यात सूट नाही. माझ्यासारख्या घाबरटाचासुद्धा हवाईसुंदरीने स्वतः येऊन सोडला होता.

पट्टा लावला तो उतरतानाच सोडला. पाऊण तासात हजर.

पाऊण तास कुठून आला, तेही मला ठाऊक होतं. ते पान मीही पाहिलं होतं. ते दोन विमानतळांमध्ये रेघ ओढतं आणि अंतराला वेगाने भागतं, मधला टँकर त्याला दिसत नाही. वहिनी विमानात बसलीच नव्हती. दादाचा फोन आला तेव्हा ती घरी नव्हती, ती आधीपासून याच शहरात होती. दुपारी बातमी कळून संध्याकाळी दवाखान्यात पोचायचं, तर रस्त्याने ते शक्य नाही. म्हणून तिला विमानाने आले असं सांगणं भाग होतं. किल्ली तिच्याकडे आहे. मावशीच्या झोपेची वेळ तिला पाठ. आणि त्या कडीला तिचा हात सहज पोचतो.

"मॅडम," खिडकीमागची मुलगी म्हणाली, "काल तुमच्याजवळ बाळ होतं ना, खूप रडणारं? आज कुठंय ते?"

६

रिक्षावाल्याला मी काय सांगितलं ते आठवत नाही. त्याने दोन सिग्नल तोडले.

दार नुसतं लोटलेलं होतं. वहिनी मावशीच्या पलंगावर बसली होती. ढमी तिच्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून झोपलेली. खिडकी उघडी होती. आधी मी खिडकी पाहिली, मग शेगडी, मग ढमीची छाती वरखाली होतेय की नाही ते.

"वहिनी, तिला दे."

"आत्ताच डोळा लागलाय."

"दे."

तिने दिली. मान सावरून, हळूच, जशी द्यायला हवी तशी. मी दाराशी जाऊन उभी राहिले.

"रविवारी मध्ये इंधन भरताना तुला कुठल्या रांगेत बसवलं होतं?"

"कुठलं इंधन?" वहिनी म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिला पुढचं विचारावं लागलं नाही. तिने पदर सारखा केला आणि हात मांडीवर ठेवले.

"चष्मा फ्रिजमध्ये तूच ठेवलास."

"हो."

"का?"

"काकूंना विसर पडतो असं सगळ्यांना वाटावं म्हणून. तरी ह्यांचं आपलं एकच. आपल्याकडे आणू, आपल्याकडे आणू." तिचा आवाज चढला नव्हता. किराण्याची यादी सांगावी तशी बोलत होती. "सासरे होते, त्यांचं केलं. मग आत्या आल्या, त्यांचं केलं. कुणी मला विचारलं नाही. वहिनी आहे ना, म्हणतात. तूही म्हणतेस. मला मारायचं नव्हतं त्यांना. डॉक्टरांनी लिहून द्यावं, हिला घरात ठेवता येणार नाही, एवढंच. रात्रीच्या बसने आले. ताई ठरल्या वेळेला येतात, त्याच्या थोडं आधी बटण फिरवायचं. ताई येतील, वास येईल, बोंब होईल."

"आणि ताई आल्या नाहीत."

"समोर बसस्टॉपवर बसले होते. बस आली, ताई उतरल्या नाहीत. दुसरी आली..."

"मग वरची बेल तू वाजवलीस."

त्या एका वाक्यासरशी तिचा चेहरा मोडला. गॅसचं कबूल करताना न आलेलं रडू आता आलं. "आत जायला हवं होतं मी. किल्ली हातात होती. पण नुसती बेल वाजवली आणि पळाले. बोट निघेना गं त्या बटणावरून."

ढमी जागी झाली आणि तिच्याकडे झेपावली. मी तिला घट्ट धरून ठेवलं.

दादाला मीच फोन केला. "काहीतरीच काय, ती तर विमानाने..." एवढं म्हणून त्याने फोन ठेवून दिला. बुधवारी तो आला तेव्हा त्याच्याजवळ कागद नव्हते.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा यंत्र काढलं, पुसलं, परत कानात घातलं. पोलिसांपुढे तिने खरा जबाब दिला, एक शब्दही मऊ केला नाही. दादा म्हणाला, काकू, घरातलं घरात राहू दे. ती म्हणाली, "वरचा मुलगा झोपला होता. त्याच्या आईला काय सांगितलं असतंस?" मग जबाब लिहिणाऱ्याला थांबवून तिने शेवटी आणखी एक वाक्य घालायला लावलं: बेल तिनेच वाजवली, म्हणून मी जिवंत आहे.

मावशी आता आपल्या घरी आहे. कुलूप बदललंय, ताईही आहेत, आणि जनावरांचा डॉक्टर घर सोडत नाहीये. त्याच्याशी तिचं भांडणही चालू आहे. तिची खुशाली विचारणारे रोज चार फोन येतात. वहिनी माहेरी आहे, खटला उभा राहायचाय. तिकडे फोन करणारी मी एकटीच. मी तिला माफ केलंय असं नाही. ढमीला तिच्या हाती परत देईन की नाही, तेही मला सांगता येणार नाही.

म्हणून तुम्हाला एकच काम सांगते. आजाऱ्याची चौकशी सगळे करतात, तुम्हीही करत असाल. आज फोन दुसरीला लावा. तुमच्या घरात उशापायथ्याशी बसणारी, चहात कुणाला किती साखर लागते ते पाठ असणारी जी कोणी असेल तिला. ती म्हणेल, मी बरी आहे, मला काय होतंय. तेव्हा फोन ठेवू नका. उठा, तिच्या घरी जा, आणि ती दार उघडेपर्यंत तिथेच थांबा.